तिसरा सरेपर्यंत

तुम्हाला आत्ता रक्त दिसलं असेल आणि म्हणून हे वाचायला घेतलं असेल, तर बाई, हे ठेवा बाजूला आणि आधी दवाखान्यात जा. रिक्षा करा, शेजारणीला हाक मारा, काय वाटेल ते करा. हे लिहिलेलं कुठं पळून जात नाही. मी डॉक्टर नाही. सिल्वासाच्या एका धाग्याच्या कंपनीत मी पॅकिंगला आहे. त्या दिवसांत मी जे केलं ते तुम्ही करू नये, एवढ्याचसाठी लिहायला बसले आहे.

माझं नाव वैशाली. माहेर आणि सासर दोन्ही शिरपूरकडचं. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, सुनीलबरोबर, इकडं आले. तो अथालजवळ प्लास्टिकच्या कंपनीत मशीन चालवतो. आमची खोलीही अथाललाच, सात खोल्यांच्या चाळीत. माझी कंपनी किलवणीच्या रस्त्याला.

दोन रेघा

लग्नाला चार वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं आम्हीच थांबलो होतो, पुढची दोन आमच्या हातात काही नव्हतं. गावी गेले की बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी पोटाकडं बघायच्या. त्यामुळं पाळी अकरा दिवस पुढं गेली तरी मी मनावर घेतलं नाही. शेवटी मेडिकलमधून किट आणलं, तेही लांबच्या, कारण अथालचा मेडिकलवाला आमच्या सगळ्या चाळीला ओळखतो. दोन रेघा आल्या. मी खिडकीत उजेडाला धरून बघितल्या, डोळे चोळून परत बघितल्या.

सुनील आंघोळ करून बाहेर आला तसं मी किट त्याच्या हातात ठेवलं. त्याला वाटलं थर्मामीटरच आहे. "किती ताप आहे?" म्हणाला.

"अरे बाबा, ताप नाही. दिवस गेलेत मला."

तो टॉवेलवरच खाली बसला. मग उठला आणि परत विचारलं, "नक्की?" तीनदा विचारलं. मी त्याला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. लग्नात तो बूट चोरीला गेले म्हणून वैतागला होता.

आमच्याकडं तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत. नजर लागते म्हणतात, कच्चं असतं तोवर तोंड मिटून राहायचं. मी बारावी सायन्स शिकलेली, दारावरच्या लिंबू-मिरचीला हसणारी. पण हे मात्र मनात पक्कं बसलेलं होतं. माझ्या आईनं तसंच केलं होतं, मावशीनं तसंच, मग मी कोण लागून गेले?

"आईला पण नाही सांगायचं?" सुनील म्हणाला.

"आईला पण नाही. तुझ्याही नाही आणि माझ्याही नाही."

एकटे असलो की मी त्याला अरेतुरे करते, सासूबाईंसमोर अहो-जाहो. सुनीलच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना माहीत. घरात नवा कुकर आला तरी कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनपर्यंत बातमी जाते. म्हणून मी त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. त्यानं घेतली.

दाढ

आमच्या खात्यात धाग्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, येतात. प्रत्येक कोन निळ्या दिव्याखाली धरून फिरवून बघायचा. दुसऱ्या लॉटचा धागा मिसळला असेल तर त्या उजेडात तो वेगळा दिसतो. मग पिशवी, पेटी, चिकटपट्टी. काम जड नाही, पण आठ तास उभं राहावं लागतं आणि भरलेली ट्रॉली आपणच ढकलायची असते. शेजारच्या टेबलावर उषाबेन असतात, वलसाडकडच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पाळीच्या दिवसांत आम्ही एकमेकींची ट्रॉली ढकलतो, ते ठरलेलंच आहे. पण दोन रेघा आल्यानंतर मी त्यांना एकदाही ट्रॉली ढकला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी बोटांवर दिवस मोजले असते.

त्या दिवशी सकाळपासून कंबर भरून आली होती. दहाच्या चहाला बाथरूममध्ये गेले आणि रक्त दिसलं. आधी तपकिरी होतं, पुसलं तर लाल. मी तिथंच बसून राहिले. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं तर "आले, आले" म्हणाले, आणि माझाच आवाज इतका नेहमीसारखा ऐकून मला राग आला.

शिफ्ट सुरू असताना बाहेर जायचं तर गेट पास लागतो. पासवर कारण लिहावं लागतं, आणि बदली माणूस आल्याशिवाय टेबल सोडता येत नाही. पटेलभाई आमचे सुपरवायझर. माणूस वाईट नाही, नियमाचा आहे. पेन काढून म्हणाले, "शुं थयुं, वैशालीबेन?" उषाबेन बाजूलाच उभ्या होत्या.

खरं सांगावं तर तिसरा महिना सरलेला नाही. सातवा आठवडा चालू होता. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "दाढ. दाढ ठणकतेय. काढायला सांगितलीय." आणि माझा हात आपोआप गालावर गेला.

पटेलभाईंनी पासवर 'दाढ' लिहिलं. म्हणाले, "दाढनो दुखावो बहु खराब. दुसरी बाई येते, तोवर जरा सांभाळ." उषाबेननी डब्यातून लवंग काढून दिली, दाढेखाली धर म्हणाल्या. बदलीची बाई यायला चाळीस मिनिटं लागली. ती चाळीस मिनिटं मी तोंडात लवंग धरून, मांड्या आवळून, निळ्या दिव्याखाली कोन फिरवत उभी होते. खरं बोलले असते तर पटेलभाईंनी पाच मिनिटांत कंपनीची गाडी काढली असती. हे मला आज माहीत आहे आणि तेव्हाही माहीत होतं.

ठोके

फोन केल्यावर सुनील मोटारसायकल घेऊन गेटवर आला. मी तिच्यावर बसायला तयार होईना. मग रिक्षा केली आणि तो मागून गाडीवर आला. सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीच्या बाहेर बाकं भरलेली होती, सगळ्या मोठमोठ्या पोटांच्या बायका. एकीनं सरकून जागा दिली आणि हसून विचारलं, "कौनसा महीना?" मी गालावर हात ठेवला. वेड लागल्यासारखं झालं होतं मला.

डॉक्टर मॅडम नाशिककडच्या निघाल्या. मराठी ऐकूनच अर्धा धीर आला. पडद्यावर मला काही कळत नव्हतं, सगळं राखाडी. मॅडमनी बोट ठेवलं तिथं काहीतरी लुकलुकत होतं.

"हे बघा, ठोके आहेत."

मी रडायला लागले तर म्हणाल्या, "पोट हलवू नका, मला मोजू द्या." मोजून झाल्यावर मात्र त्यांचा चेहरा पहिल्याइतका मोकळा नव्हता. ठोके जरा मंद आहेत, म्हणाल्या. पिशवीच्या कडेला थोडं रक्त साचलंय. "रक्त जातंय म्हणजे मूल गेलंच असं नाही. पुष्कळ जणींचं थांबतं आणि पुढं सगळं नीट होतं. तुमचं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. आठ दिवसांनी परत बघू." गोळ्या लिहून दिल्या. तासाभरात पॅड भिजलं, पोटात कळा आल्या, चक्कर आली, तर वेळ-काळ न बघता निघून यायचं, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तुम्हीही पाठ करून ठेवा.

बाहेर सुनील उभा होता. "ठोके आहेत," मी म्हणाले. मंद आहेत हे नाही सांगितलं. तेही लपवलंच.

आठ दिवस

वाट बघा म्हणणं सोपं आहे. करायचं काय ते कुणी सांगत नाही. मी पडून असायचे आणि छताचे पत्रे मोजायचे. सगळ्यात भीती वाटायची बाथरूमची. दर वेळी आत गेले की बघितल्याशिवाय राहवायचं नाही. जायलाच लागू नये म्हणून मी पाणी पिणं कमी केलं. मॅडम नंतर त्यावरून चांगल्याच रागावल्या. कृपा करून असला शहाणपणा करू नका.

आणि डोक्यात सारखं एकच, कशानं झालं असेल. ट्रॉलीनं? निळ्या दिव्यानं? एका रविवारी वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो तेव्हा रस्त्यात गाडी आपटली होती, त्यानं? लग्नात मावशीनं पपई खाऊ नको सांगितलं होतं, मी महिन्यापूर्वी फोडीच्या फोडी खाल्ल्या होत्या. मोबाइलवर शोधायचे, आणि मोबाइल तर काय, विचाराल त्याला हो म्हणतो. सुनीलनं शेवटी मोबाइल काढून पिठाच्या डब्यामागं ठेवला, वाजला तरच काढायचा.

तो रोज सकाळी खिचडी लावून कामाला जायचा. आठ दिवस खिचडी. मीठ कधी दोनदा, कधी अजिबात नाही. चाळीतही त्यानं दाढच सांगितली होती, मीच सांगायला लावली. शेजारच्या भाभी मऊ वरणभात घेऊन यायच्या, म्हणायच्या, "एक साइडसे चबाना." मी त्यांच्यासमोर एका बाजूनं चावायचे.

पाचव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्यांचा फोन रोजच असतो, दोन मिनिटांचा. अहिराणीत बोलतात. "जेवनी का बेटा?" जेवले म्हटलं. मग म्हणाल्या, "जड काही उचलू नको हां. नि पपई-बिपई खाऊ नको."

मी उठून बसले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या तिकडं खोकल्या. मग म्हणाल्या, "कोन सांगी माले? मी आसंच म्हनी राहयनी." आणि फोन ठेवला.

सुनील घरी आल्या आल्या मी विचारलं. त्यानं डबा खाली ठेवला, चप्पल काढली, परत सरळ करून ठेवली.

"फक्त आईला सांगितलं. रेघा आल्या त्याच दिवशी. नाही राहवलं गं."

"माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास!"

"आईच आहे ना ती."

"आणि शपथ? ती काय मेडिकलमधून आणली होती?"

रक्त जातंय हे आईला सांगितलेलं नाही, फक्त गोड बातमीच सांगितलीय, असं तो म्हणत राहिला. मी भिंतीकडं तोंड करून झोपले. दोन दिवस बोलले नाही. तो खिचडी करत राहिला.

सातव्या दिवशी पॅड कोरडं निघालं. संध्याकाळपर्यंत कोरडं. मी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि म्हणाले, "सुनील, थांबलं." त्यानं देवापुढं दिवा लावला, तेही तेल सांडून. त्या संध्याकाळी आम्ही दोघं खूप हसलो. कशावर हसलो ते आठवत नाही.

नीट बघा

दुसऱ्या सोनोग्राफीला मॅडमनी बराच वेळ यंत्र पोटावर फिरवलं. मग पडदा स्वतःकडं वळवला. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. पडदा वळला तेव्हाच मला कळलं, पण मी म्हणाले, "रक्त तर थांबलंय, मॅडम."

"ठोके दिसत नाहीयेत."

"नीट बघा ना."

"तीनदा बघितलं, बाळा."

त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. वाट बघता येईल, गोळ्या देता येतील, नाहीतर पिशवी साफ करता येईल, असं समजावून सांगितलं. मी म्हटलं साफ करा. मला आता आणखी वाट बघायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती केलं. भूल उतरली तेव्हा पोट हलकं वाटत होतं आणि तोंड कोरडं पडलं होतं. वॉर्डातल्या सिस्टर केरळच्या, हिंदी तोडकं. मी तोंडात पदराचा बोळा कोंबून पडले होते. त्यांनी पडदा ओढला आणि म्हणाल्या, "रोना है तो जोर से रोओ. इधर कोई कुछ नहीं बोलेगा." मग पडद्याबाहेर उभ्या राहिल्या. कुणी आलं की "अभी नहीं" म्हणून परत पाठवायच्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

सोडताना मी मॅडमना सगळं विचारलं. ट्रॉली, दिवा, पपई, वासोण्याचा रस्ता, चाळीस मिनिटं उभी होते ते. त्यांनी एकेकाला नाही म्हटलं. "बहुतेक वेळा गर्भच मुळात नीट धरलेला नसतो. तुम्ही जे केलं किंवा नाही केलं, त्यानं काही झालेलं नाही. हे घरी गेल्यावर रोज स्वतःला सांगा." सुनील तेव्हा औषधाच्या रांगेत होता. त्यानं हे ऐकलं नाही.

मी बोलले ते

हा भाग लिहू का नको, असं झालं होतं. पण लिहिते.

दुपारी घरी आलो. सुनीलनं पाणी तापवलं, पांघरूण घातलं, पायाशी बसला आणि म्हणाला, "होईल गं परत."

मी म्हणाले, "तुझ्या तोंडानं गेलं."

त्याला कळलं नाही. मग मी नीट समजावून सांगितलं. सांगू नको म्हटलं होतं. शपथ घातली होती. तू सांगितलंस, आणि गेलं. तूच घालवलंस.

तासाभरापूर्वी मी डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकून आले होते की कुणाच्या कशानं काही होत नाही. मला ते पटलंही होतं. तरी बोलले. मला ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं, आणि जवळ तोच होता. तो उठला आणि घासलेला कुकर परत घासायला बसला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. शिरपूरहून सुरत, सुरतेहून वापी, गाड्या बदलत, एकट्या. मला वाटलं आता बोलतील, नोकरी, उभं राहणं, काहीतरी काढतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी पिशवीतून ओवा काढला, डिंक काढला, तिळाचं तेल गरम केलं आणि मला पालथं झोपवून कंबर चोळायला घेतली. मग कढत पाण्यानं आंघोळ घातली, जुन्या लुगड्यानं पोट बांधलं.

"आई, हे बाळंतिणीला करतात," मी म्हणाले.

"मंग? हाई बी बायतपनच शे, माय. पोर नही म्हनीसन आंग काय कमी थकस?"

त्यांनी पाच दिवस ते सगळं केलं. मी त्यांना बरं बोलले नाही, वाईटही बोलले नाही. जाताना त्यांनी सुनीलच्या तोंडावरून हात फिरवला, तो मान खाली घालून उभा होता. त्याला मी काय बोलले ते त्यांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही.

सूज दिसत नाही

एकवीस दिवसांनी कामावर गेले. गर्भ पडला तर बाईला कायद्यानं पगारी रजा असते, दवाखान्याचा कागद द्यावा लागतो. कागद माझ्या पर्समध्ये होता. पण तो द्यायचा म्हणजे दाढ नव्हती हे सांगायचं. मी पर्सची चेन लावूनच ठेवली. तुम्ही लावू नका. कागद द्या आणि घरी झोपा.

पटेलभाई हसत म्हणाले, "एका दाढेला एकवीस दिवस? बत्तीस काढल्या काय?" सगळे हसले. उषाबेननी माझी हनुवटी धरून गाल बघितला. "काढी नाखी? सारुं थयुं. सूज दिसत नाही आता. रिकामं लागत असेल ना?"

"हो," मी म्हणाले. "लागतं."

"होईल सवय. जीभ सारखी तिथंच जाते थोडे दिवस."

त्या चांगल्या मनानं बोलत होत्या. मी निळ्या दिव्याखाली कोन फिरवत राहिले आणि डोळ्यांतून पाणी चालूच. दाढेसाठी एवढं कुणी रडत नाही, म्हणून धाग्याची धूळ गेली म्हणाले. त्या दिवशीही माझी ट्रॉली मीच ढकलली.

आणि घरात सुनील बोलायचा थांबला. म्हणजे रागावला नव्हता. भाजी काय आणू, गॅस संपलाय, एवढं बोलायचा. पण जो माणूस जिना चढता चढता बोलायला सुरुवात करायचा, तो आता दार लोटून आत यायचा आणि बसायचा. शेजारच्या भाभीसुद्धा म्हणाल्या, "भैया को क्या हुआ? उनकी भी दाढ़ दुखती है क्या?" तो कशानं गप्प झालाय ते मला माहीत होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, तेही मला जमत नव्हतं.

तपासणी

महिन्यानं परत दाखवायला बोलावलं होतं. मी सुनीलला म्हटलं, बाहेर थांबू नको, आत चल. मॅडमनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच या, असंही म्हणाल्या. आम्ही उठलो, आणि मी परत बसले.

"मॅडम, यांना एक सांगा. दिवस गेल्याचं कुणाला सांगितलं तर मूल जातं का?"

मला वाटलं हसतील. नाही हसल्या. आधी माझ्याकडं बघितलं, मग सुनीलकडं. "नाही. सांगितल्यानं काही जात नाही. माझ्याकडं न सांगणाऱ्यांचीही जातात आणि गावभर पेढे वाटणाऱ्यांचीही राहतात. उलट सांगावं. अडचणीला माणसं उपयोगी पडतात."

सुनील मान हलवत होता, सुपरवायझरसमोर हलवतो तशी. हो मॅडम, हो मॅडम. त्याला पटलेलं दिसलं नाही. बाहेर आल्यावर व्हरांड्यात मी त्याची बाही धरली.

"मी बोलले ते खोटं होतं. तेव्हाही मला माहीत होतं खोटं आहे ते. तुझ्यामुळं काही झालं नाही, सुनील. चुकलं माझं."

"ठीक आहे," तो म्हणाला. "चल."

अथालला वळायच्या आधी त्याच्या कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. मी तिथं कधी थांबले नव्हते. त्या दिवशी मीच म्हटलं, चहा पिऊ. टपरीवरचे म्हातारे चाचा बिहारकडचे. सुनीलला बघून त्यांनी न विचारता दोन चहा ओतले, आणि माझ्यासाठी आतलं स्टूल काढून फडक्यानं पुसलं.

"बैठो बेटी. अब तबीयत कैसी है? कमजोरी है अभी?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "दिल छोटा मत करना. हमारे घर में भी दो बार हुआ था."

मी सुनीलकडं बघितलं. तो रस्त्यावरच्या ट्रककडं बघत होता.

"फक्त आईला ना?" मी म्हणाले.

तो बोलायला लागला, खाली बघत. आईला. मोठ्या भावाला. मशीनवरच्या जोडीदाराला. चाचांना. वॉचमनला. किराणावाल्याला, ज्याच्याकडं आंबट काय काय मिळतं ते विचारायला गेला होता. घरमालकांना. गावच्या दोन मित्रांना. दोन रेघांच्या त्या एका आठवड्यात त्यानं नऊ जणांना सांगितलं होतं.

मला राग येईल असं मला वाटलं. मी वाट बघितली, आला नाही.

"मग यांना कसं कळलं, गेलं ते?"

"मीच सांगितलं."

"चाचांना?"

"सगळ्यांना. तुला भरती केलं त्या दिवसापासून. गावाला फोन केले, इथल्यांकडं गेलो. एकेकाकडं." त्यानं ग्लास खाली ठेवला. "किराणावाला तर मला लांबून बघूनच हसायला लागला, पेढे कधी म्हणून. त्याला सांगायला दोन दिवस लागले मला."

"कशाला गेलास रे एकेकाकडं?"

"नाहीतर तुला कुणीतरी विचारलं असतं ना, कितवा लागला म्हणून."

चाचांनी आमच्याकडं पाठ केली आणि नसलेली भांडी विसळायला घेतली. घरमालक रोज जिन्यात भेटत होते. किराणावाल्याकडून मी दोनदा साखर आणली होती. सुनीलच्या भावाचा फोन मी स्वतः घेतला होता. त्या सगळ्या दिवसांत मला एकानंही काही विचारलं नव्हतं. मी समजत होते, कुणाला माहीतच नाही.